जुलैत चालतं ते नेट

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात केबलचा धंदा केलेल्या माणसाला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक असतात. कुठल्या घरी महिन्याचे पैसे मागायला कधी जायचं, आणि कुठल्या झाडावरची माकडं वायर ओढतात. 2017 ला खेडोपाडी सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला, तिथून माझा धंदा उतरणीला लागला. त्याआधी एक कंट्रोल रूम आणि रानातून ओढलेली काळी कोएक्सियल एवढ्यावर गावंच्या गावं चालायची. मग बॉक्सचे पैसे आले, चॅनेलवार दर आले, लोकांनी कौलांवर आपापल्या छत्र्या लावल्या आणि तरण्या पोरांनी टीव्हीकडे बघणंच सोडलं. माझ्याकडे उरली शिडी, कमरेचा बेल्ट आणि फायबर जोडायचा हात. त्या हातासाठी एका संस्थेने मला बोलावलं.

संस्था पुण्याची, नफा न कमावणारी, खेड्यांत इंटरनेट पोचवणारी. नाव लिहीत नाही, कारण पुढे त्यांच्याबद्दल बरं लिहिणार आहे तसं थोडं वाकडंही लिहिणार आहे आणि त्यांच्याशी माझं रोजचं येणंजाणं आहे. गावाचंही नाव नको. जांबोटीच्या पुढचं आहे एवढं पुरे.

जांबोटी सोडून चोर्ल्याच्या रस्त्याला लागलात की फोनवरची एकेक दांडी गळायला लागते. मध्येच एका वळणावर गोव्यात स्वागत असल्याचा मेसेज येतो. गोवा अजून लांब असतो, पण टॉवरला ते कोण सांगणार. मलप्रभा इथे कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेला जाते, म्हादई देगावच्या रानातून निघून पश्चिमेला. पाणी दोन्हीकडे जातं, रेंज मात्र कुठूनच येत नाही. गावागावात रेंजची ठरलेली जागा असते, एखादा कातळ, नाहीतर शाळेच्या मागचा बांध. तिथे संध्याकाळी माणसं उभी असतात. मुंबई-पुण्याला गेलेल्या पोराशी बोलायचं असतं, आणि त्याची ख्यालीखुशाली अख्खा गाव ऐकतो.

नुसतं बोलण्यापुरतं असतं तर चाललं असतं. पण आता रेशनला थंब, अंगणवाडीच्या अक्काला वजन-उंची ॲपमध्ये भरायची, जमिनीचा उतारा ऑनलाइन, पीकविमा ऑनलाइन. 2023 च्या जुलैत कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेची नोंदणी सुरू झाली. घरच्या कर्त्या बाईला महिन्याला 2000 रुपये. ऐन लावणीचे दिवस. बायका डोक्यावर खोळ घेऊन, चिखलातनं चालत मोठ्या रस्त्याला यायच्या, तिथनं मिळेल त्या वडापने सेंटरला. तिथे सर्व्हर नाही. परत दुसऱ्या दिवशी. मजुरी बुडाली, गाडीभाडं गेलं. स्क्रीनवर कन्नड किंवा इंग्रजी, त्यामुळे मराठी शाळा शिकलेल्या बाईला वाचून सांगणारा माणूस सोबत न्यायचा, म्हणजे त्याचीही मजुरी गेली. इंटरनेट नसण्याचा खर्च हा असा हिशोबात न दिसणारा असतो आणि तो गरीबच जास्त भरतो.

संस्थेचे लोक आले तेव्हा देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. प्रोजेक्टर आणला होता, लाईट नव्हती. मग त्यांच्यातली इंजिनियर पोरगी नुसतंच बोलली, आणि ते बरंच झालं. डोंगरावर खांब कुठे, वेग किती, शाळेला काय फायदा, सगळं सांगितलं. वेगाचे आकडे ऐकून पोरं खूश. मग मागे खांबाला टेकून बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "बंद पडलं तर दुरुस्तीला कोण येऊलाय?"

मी आजवर बघितलेल्या अशा कामांचं घोडं इथेच पेंड खातं. उद्घाटनाला नारळ फुटतो, फोटो निघतो, उन्हाळाभर छान चालतं आणि जून उजाडला की येरे माझ्या मागल्या. कुठल्याशा पंचायतीच्या कपाटात फायबरचा डबा दिव्यांसकट बंद पडलेला मी बघितलाय. चावी ज्याच्याकडे तो बदलून गेलेला. त्या पोरीने म्हातारीला लगेच उत्तर दिलं नाही, वहीत लिहून घेतलं. मला ती तिथे आवडली.

काम ठरलं ते असं. रस्त्यालगतच्या हायस्कुलापर्यंत परवानाधारक स्थानिक कंपनीचं फायबर येणार. तिथून पाच गिगाहर्ट्झच्या रेडिओने डोंगराच्या खांद्यावरच्या खांबावर, आणि खांबावरून खालच्या तीन वाड्यांना. या पट्ट्यातल्या लहरींना आपल्याकडे परवाना लागत नाही. 2018 च्या ऑक्टोबरात सरकारने यातला बराच भाग मोकळा केला, म्हणून तर असल्या छोट्या संस्थांना हे परवडतं. खांब कुठे रोवायचा यावर मात्र महिना गेला. वरची सगळी जागा वनखात्याची. 2011 ला भीमगड अभयारण्य जाहीर झाल्यापासून या भागात साधा खड्डा मारायचा तरी माणूस दहादा विचार करतो. शेवटी एका तात्यांनी आपल्या काजूच्या बागेतली कोपऱ्याची जागा दिली. भाडं विचारलं तर म्हणाले, "पोराचं तोंड बघायला मिळालं म्हणजे झालं की ओ." मी तरी पन्नास रुपयांच्या कागदावर लिहून घ्यायला लावलं. तात्यांचा शब्द पक्का आहे, पण तात्यांना तीन भाऊ आहेत.

मार्चमध्ये सर्व्हे झाला. हायस्कुलाच्या गच्चीवरून दुर्बिणीने खांबाची जागा स्वच्छ दिसत होती. इंजिनियर मंडळी खूश. मी म्हटलं, मध्ये सागवान आहे. ते म्हणाले, त्यातनं आरपार दिसतंय. दिसणारच, मार्चमध्ये सागाच्या अंगावर पान नसतं. जूनमध्ये त्याला सुपाएवढी पानं फुटतात आणि वर चोवीस तास पाणी निथळत असतं. पुण्याच्या माणसाला हे पटवायला जून यावा लागला. उणे 60 च्या आसपास असलेला सिग्नल उणे 80 वर जाऊन बसला (हा आकडा शून्यापासून जितका लांब, तितका सिग्नल कमजोर) आणि लिंक दिवसातनं दहा वेळा तुटायला लागली.

गावात सगळे म्हणायला लागले, पावसाने नेट गेलं. यात पावसाचा काही दोष नाही, हे मी आजही चहाच्या टपरीवर भांडून सांगतो. पाच गिगाहर्ट्झला आमच्या मुसळधार पावसानेसुद्धा एवढ्या अंतरावर फारसा फरक पडत नाही. त्याहून वरच्या पट्ट्यातले मोबाईल टॉवरमधले मायक्रोवेव्ह दुवे पावसात झोपतात, ते वेगळं. आमचा शत्रू ओलं पान. पानातलं आणि पानावरचं पाणी लहर पिऊन टाकतं. यावर उपाय दोनच, एकतर झाड तोडा नाहीतर खांब उंच करा. झाड तोडायचा प्रश्नच नव्हता. खांबाला वर बारा फुटी तुकडा जोडला, खांबाला चहूबाजूंनी धरून ठेवणाऱ्या गाय वायर नव्याने ताणल्या, आणि भर पावसात उणे 63. सर्व्हे जुलैत करावा, असं मी संस्थेला लिहून दिलंय. त्यांच्या फॉर्ममध्ये आता पानगळीचा रकाना आला आहे.

पानांतून पार जाणाऱ्या लहरी नाहीत असं नाही. टीव्हीच्या जुन्या यूएचएफ पट्ट्यातली मोकळी जागा वापरली तर झाडं एवढी आड येत नाहीत. पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने खामलोली आणि आसपासच्या गावांत ते करून दाखवलं, आणि 2017 ला त्या कामाला मोझिलाच्या स्पर्धेत सव्वा लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. पण तो पट्टा आपल्याकडे विनापरवाना वापरता येत नाही, चाचणीपुरती परवानगी मिळते. म्हणजे घाटातल्या माणसाला जे सगळ्यात सोयीचं तेच कुलपात. असो.

दुसरं दुखणं वीज. वरून पडणारी आणि तारेतून जाणारी, दोन्ही. आमच्याकडे जुलै-ऑगस्टात लाईट गेली की कधी येईल ते विचारू नये, झाड पडलेलं असतं आणि वायरमनही माणूसच असतो. संस्थेच्या कागदावर सोलर पॅनेल आणि बॅटरी होती. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही तिथे सोलरची काय पत्रास! रेडिओ तसे कमी खातात, एक जण आठ-दहा वॅट. तरी ओळीने आठवडाभर ढग म्हटल्यावर बॅटरी आडवी. आता खाली गिरणीवरून एक लाईन वर नेली आहे आणि सोलर जोडीला ठेवलंय. अर्थिंगला मात्र मी तडजोड करू दिली नाही. कोळसा-मीठ भरून नीट खड्डा, तांब्याची पट्टी, आणि प्रत्येक रेडिओच्या वायरला सर्ज प्रोटेक्टर. केबलच्या दिवसांत एका वळवाच्या पावसात किती ॲम्प्लिफायर जळायचे ते मला विचारा.

संस्थेने आजवर दिलेल्या वस्तूंतली सगळ्यात मोलाची कुठली म्हणाल, तर खांब नाही, रेडिओ नाहीत, शाळेतले टॅब तर नाहीतच. स्प्लायसिंगचं, म्हणजे तुटलेलं फायबर जोडायचं मशीन. लाखाच्या घरातली वस्तू. अशी मशीनं शहरात कंत्राटदाराकडे असतात, आणि फायबर तुटलं की तो चार दिवसांनी येतो. हे मशीन गावात राहतं, संघाच्या, म्हणजे बचत गटाच्या बायकांच्या कपाटात, तांदळाच्या डब्याशेजारी सिलिका जेलच्या पिशव्यांसकट.

रस्त्याच्या कामाला लागलेल्या जेसीबीने हायस्कुलाजवळ केबल उपटली तेव्हा मी आणि गावातली एक पोरगी ओम्नीच्या मागच्या सीटवर बसून जोडत होतो. दारं बंद, काचेवर पाणी, आत घाम. फायबरचं वरचं आवरण सोलायचं, स्पिरिटच्या कापसाने पुसायचं. पुसल्यावर त्याचा चिर्र असा बारीक आवाज आला म्हणजे स्वच्छ झालं समजायचं. मग क्लीव्हरने काप. काप सरळ पडला नाही तर मशीन घेतच नाही, परत सोला. दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर आली की स्क्रीनवर दोरखंडासारखी जाड दिसतात, प्रत्यक्षात केसाएवढी. एक ठिणगी, झालं एक. जोडात सिग्नल किती गळतो त्याचा आकडा 0.02, म्हणजे जवळपास काहीच नाही. स्लीव्ह सरकवून भट्टीत घालायची, आणि पुढची जोडी. त्या पोरीचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. सोललेल्या काचेचे तुकडे चिकटपट्टीवर गोळा करायची सवयही तिलाच आहे, मी आयुष्यभर झटकून टाकले.

या कामात पडल्यावर जगात असं कुणी केलंय का ते वाचायला लागलो, तेव्हा उत्तर इंग्लंडमधलं बी-फोर-आर-एन हे गावकऱ्यांनी स्वतः उभारलेलं फायबरचं जाळं सापडलं. गंमत म्हणजे तेही 2011 चं. त्याच वर्षी ऑक्टोबरात आपल्या केंद्र सरकारने देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना मंजूर केली, जिचं 2015 ला भारतनेट झालं. तिकडे लँकशायर परगण्यात मेंढपाळ आणि गवळी लोकांची विखुरलेली गावं. मोठ्या कंपन्या म्हणाल्या, तुमच्याकडे घरं विरळ, परवडत नाही. मग गावकऱ्यांनीच संस्था काढली. आपल्या सहकारी सोसायटीसारखी, पण कायद्यानेच अशी बांधलेली की मालमत्ता गावाच्या भल्याबाहेर वळवता येत नाही. लोकांनी शेअर घेतले. शेतकऱ्यांनी आपल्या रानातून केबल फुकट जाऊ दिली. रस्ता खणायचा खर्च टाळून शेताच्या कडेने नांगरासारख्या अवजाराने पाइप पुरले, घराच्या अंगणातला चर ज्याचा त्याने खणला. आज दहा हजारांहून जास्त घरांना एक गिगाबिटचं नेट आहे, येताना तेवढंच आणि जाताना तेवढंच. लंडनच्या बऱ्याच घरांना बरीच वर्षं तेवढं नव्हतं.

वाचताना मला सारखे आमचे काजूवाले तात्या आठवत होते. पण एक फरक आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. तिकडच्या शेतकऱ्याकडे शेअर घ्यायला पैसे होते आणि जमीन त्याच्या नावावर होती. आमच्याकडे वाडीतल्या अर्ध्या लोकांचं घर कुणाच्या जागेत आहे इथपासून वाद, आणि भोवती जंगल. म्हणून आपल्याला बाहेरच्या संस्थेचे पैसे लागतातच, त्यात कमीपणा नाही. फक्त ते कशावर खर्च होतात ते बघायला पाहिजे. देणगीदाराला खांबाच्या पायथ्याशी आपल्या नावाची पाटी आवडते. बॅटरी बदलायला, शिडी चढणाऱ्याच्या विम्याला, दर महिन्याच्या बँडविड्थला कोणी पाटी लावत नाही. सरकारलासुद्धा हे उशिराच कळलं. 2023 मध्ये भारतनेटची सुधारित योजना 1,39,579 कोटींची मंजूर झाली, त्यात दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च धरलाय. आधी धरला असता तर त्या कपाटातल्या डब्याची चावी सापडली असती.

पैशाचं आमच्याकडे असं आहे. पंतप्रधान-वाणी म्हणून 2020 च्या डिसेंबरात एक योजना आली, त्यात किराणा दुकानदारही परवान्याशिवाय वायफाय विकू शकतो. आमच्या तीन वाड्यांत हे काम संघाच्या बायका करतात. कुपन विकतात, वही ठेवतात. पुरुषांच्या हातात वही दिली असती तर काय झालं असतं ते मी पुरुष असून सांगतो, उधारी झाली असती. पूर्वी अशा वायफायवाल्यांना घरगुती लाईन न देता महागडी लाईन गळ्यात मारायचे. 2025 च्या जूनमध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ठरवून दिलं की 200 एमबीपीएसपर्यंत घरगुती दराच्या दुपटीहून जास्त घ्यायचं नाही. हा आदेश मी छापून हायस्कुलाच्या कार्यालयात लावलाय. गरज पडली एकदा.

संस्थेवर माझा राग एकाच गोष्टीचा आहे. दर तिमाहीला त्यांना अहवाल लागतो: किती जण जोडले, किती जीबी वापरले, किती महिलांना प्रशिक्षण. जीबी पोरांच्या रीलनेच वाढतात हे सगळ्यांना माहीत आहे. अंगणवाडीच्या अक्काचा आता अर्धा दिवस वाचतो, तिच्या ॲपला जेमतेम काही एमबी लागतात. तो अर्धा दिवस कुठल्या रकान्यात भरायचा? मी इंजिनियर पोरीला विचारलं. ती म्हणाली, "काका, शेरा म्हणून लिहा." आता मी शेऱ्यांची पानं भरतो.

शिकवलेली पहिली दोन पोरं गोव्याला गेली, एक हॉटेलात आणि एक वेर्ण्याच्या कारखान्यात. त्यांना दोष नाही, इथे महिन्याला जेवढं देता येतं त्यात पोराचं लग्न जमत नाही. म्हणून यावर्षी संघाने ठरवलं की शिकवायचं ते इथेच राहणाऱ्यांना, म्हणजे सासरी आलेल्या सुनांना आणि चाळिशीच्या पुढच्या माणसांना. खांबावर चढायला सुरुवातीला सासऱ्यांची कुरकुर झाली. एक तर खाली उभा राहून ओरडत होता, "काय करूलीस गे वर, उतर आधी!" ती उतरली, पण रेडिओ फिरवून, सिग्नल बघून मगच.

सध्या एक वेगळंच त्रांगडं झालंय. आमचा खांब डोंगराच्या ज्या खांद्यावर आहे तिथून पलीकडची, महाराष्ट्रातली, चंदगड तालुक्यातली एक वाडी सरळ दिसते. मध्ये दरी आहे, सागवान नाही. तिथल्या लोकांच्या मुली आमच्या गावात दिलेल्या, आमच्या त्यांच्याकडे. त्यांना आपल्या तालुक्याहून आमचा खांब जवळ. त्यांनी निरोप पाठवला, आम्हालाही द्या की. रेडिओ फिरवला तर तासाचं काम. पण ज्या कंपनीकडून आम्ही लाईन घेतो तिचा परवाना कर्नाटक सर्कलचा, सीमेपलीकडे सेवा दिली तर तिच्यावर बालंट. संस्थेचा वकील म्हणतो, दोन्ही राज्यांचा परवाना असलेली कंपनी शोधा किंवा तिकडच्या बाजूने वेगळी लाईन घ्या. तिकडच्या बाजूला लाईन असती तर त्यांनी आमच्याकडे मागितलं असतं का? संघाची बैठक या गुरुवारी आहे. चंदगडकडनं त्यांची दोन माणसं येणार आहेत, आणि जेवणाचं आमच्याकडे ठरलंय.